एका किल्लीवर दोघं

माझा थोरला भाऊ निवृत्त झाला त्या दिवशी कंपनीने त्याला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, आणि त्याच्याकडून लॅपटॉप, ओळखपत्र आणि कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा परत घेतला. दोन्ही पक्षांनी सह्या केल्या. चहा झाला, कोणीतरी दोन शब्द बोललं, आणि सगळी माणसं जिथे असतात तिथे म्हणजे आपापल्या टेबलांवर परत गेली. दादा बसने घरी आला. वर जाताना माझ्या दारात थांबून म्हणाला, "झालं एकदाचं." मी म्हटलं, "बरं झालं." त्याला बरं झालेलं नव्हतं, हे मला दिसत होतं, पण दुसरं काय बोलायचं असतं अशा वेळी?

आम्ही एकाच इमारतीत राहतो. तो वरच्या मजल्यावर, मी बरोबर त्याच्याखाली. मी कपडे दुरुस्त करते. झिपा बदलणं, बाह्या आखूड करणं, कोटाला नवं अस्तर लावणं. माझे यजमान गेल्यापासून हेच करते आहे आणि माझ्याकडे दिवसभर कोणी ना कोणी टपकतंच. कपडा द्यायला येतात आणि घरचं गाऱ्हाणं सांगून जातात. दादाकडे कोणी येत नाही. त्याची खुर्ची सरकली की मला खाली कळतं, नळ सोडला की कळतं. तो शिंकला तरी कळतं. एखाद्या दिवशी काहीच कळलं नाही की मी हातातलं काम टाकून वर जाते.

दादाने लग्न केलं नाही. आई विचारून विचारून थकली आणि शेवटी म्हणायला लागली, "ह्याचं त्या कंपनीशीच लावून टाका." ती वजनकाटे बनवणारी कंपनी. दुकानातल्या छोट्या काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळं बनवते. दादा तिथे काट्यांच्या पोटातल्या तारा जोडायला लागला. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा मालक म्हणाले, "तुला तारांचं कळतं ना, मग हेही तूच बघ." असा तो कॉम्प्युटरवाला झाला. ऑफिसातली पोरं त्याला केबलकाका म्हणायची. तोंडावर म्हणायची, म्हणजे प्रेमानेच म्हणत असणार.

त्याने ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं. मालकांना ते आवडलं कारण ते फुकट होतं. दादाला आवडलं त्याचं कारण वेगळं. "बिघडलं तर का बिघडलं ते लिहून ठेवतं, ठमे," तो मला सांगायचा. (माझं नाव ठमी नाही. लहानपणी मी हट्टाने एका जागी बसून राहायचे म्हणून त्याने ठेवलेलं नाव आहे ते, आणि आता ते बदलायला कोणी उरलेलं नाही.) "माणसं सांगत नाहीत का बिघडलं ते. हे सांगतं."

मग लोक घरून काम करायला लागले तेव्हा त्याने व्हीपीएन उभं केलं. म्हणजे काय, ते त्याने मला इतक्यांदा समजावलंय की मी आता कोणालाही समजावू शकेन. कंपनीला एक दार. ते दार बाहेरच्या कोणाला दिसत नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे त्यानेच ते उघडायचं आणि घरी बसून ऑफिसात बसल्यासारखं काम करायचं. किल्ली म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल. ती प्रत्येकाला वेगळी. आणि ह्या किल्ल्यांचे दादाचे नियम कडक होते. एका किल्लीवर एकच माणूस. माणूस कंपनी सोडून गेला की त्याच दिवशी त्याची किल्ली रद्द. किल्लीची नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर करायची नाही. आराखडे काढणाऱ्या बाईंनी एकदा आपली किल्ली नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर घातली होती, तर दादाने त्यांना सगळ्यांसमोर असं सुनावलं की बिचाऱ्या आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हत्या.

निवृत्त झाल्यावर सुद्धा तो रोज सकाळी पूर्वीच्याच वेळेला उठायचा. इस्त्रीचा शर्ट घालायचा. घरात, एकटा माणूस, आणि इस्त्रीचा शर्ट. मी चहा घेऊन वर जायचे तेव्हा हा टेबलाशी बसलेला असायचा आणि समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळी पाटी, तिच्यावर पांढरी अक्षरं. एक दिवस म्हणाला, "आज हिशेबनीस लवकर आलेत." मला वाटलं, कोणाचा फोन आला असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाईंनी मोठा आराखडा टाकलाय. नवीन काटा निघतोय वाटतं." तेव्हा मी कप खाली ठेवला.

"तुला कसं रे कळलं?"

"आत बसलोय ना."

"आत म्हणजे कुठे?"

"कंपनीत," तो म्हणाला, जसं काही मी विचारायला नको होतं.

त्याची किल्ली कोणी रद्द केलीच नव्हती. करणार कोण? ते काम दादाचं, आणि दादाच बाहेर पडलेला. त्याच्या जागी कितीतरी महिने कोणी नेमलंच नाही. आणि लॅपटॉप परत करण्याआधी ह्या पठ्ठ्याने किल्लीची नक्कल घरच्या कॉम्प्युटरवर करून ठेवली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तसं म्हटलंही. तो हसला नाही. म्हणाला, "पहिले काही दिवस वाटलं, आज बंद होईल, उद्या बंद होईल. रोज सकाळी लावून बघायचो. रोज उघडायचं."

आत जाऊन तो करायचा काय? तर मागच्या खोलीतलं मोठं यंत्र तापलंय का बघायचा. काल दिवसभराच्या कामाच्या नकला नीट झाल्या का बघायचा. आणि मग कोण कोण आलं ते बघत बसायचा. एकेक जण आपल्या टेबलाशी बसून कॉम्प्युटर सुरू करायचा तसं एकेक नाव त्या काळ्या पाटीवर उगवायचं. नावं सगळी आली की दादा चहाचा कप उचलायचा. "कशाला हात लावत नाही मी," तो म्हणायचा. ते पूर्ण खरं नव्हतं. एकदा यंत्रातली जागा भरत आली होती, तेव्हा त्याने जुना कचरा काढून जागा करून दिली. कोणाला पत्ता लागला नाही.

मी म्हटलं, जाऊ दे. कोणी बागेत बाकावर बसतं, कोणी खिडकीत. हा इथे बसतो. कोणाचं काय घेतो? पण खाली जाऊन मशीनवर बसले तरी ते डोक्यातून जाईना. ज्या नावांची हा वाट बघत बसायचा त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की हा तिथे आहे.

मग एक दिवस सकाळपासून वर खुर्ची सारखी सरकायला लागली. मी वर गेले. दादा टेबलावर वाकून बसला होता. "लागतंय आणि तुटतंय," तो म्हणाला. "हं, आलं. हे बघ, गेलं." मला वाटलं, आता ह्याचं तोंड उतरेल. पण नाही. तो चक्क खुशीत होता. दुपारी जिन्यात भेटला तर शीळ घालत होता. पुढचे काही दिवस असंच चाललं होतं. मला काही उलगडा होईना, आणि खुशीत असलेल्या माणसाला का म्हणून विचारायची मला भीती वाटते.

त्याच आठवड्यात त्याला फोन आला. कंपनीने शेवटी त्याच्या जागी एक मुलगी नेमली होती. तिचं व्हीपीएन लागत नव्हतं, आणि ऑफिसातल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं, केबलकाकांना विचार.

ती आली तेव्हा खांद्याला मोठी बॅग होती, बॅगेची झिप तुटलेली आणि पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. धावपळीतलं माणूस ओळखायला मला एवढं पुरतं. तिने बूट काढता काढता मोज्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "असूदे." मला ती तिथेच आवडली.

तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. घरात ती आणि ते दोघंच. शेजारीण एक दिवसाआड त्यांच्यापाशी बसते, बाकीचे दिवस हिलाच घरी थांबावं लागतं. साहेबांनी नोकरी देताना सांगितलं होतं, महिनाभर बघू, घरून काम जमत असेल तर ठीक, नाहीतर रोज यावं लागेल. रोज येणं तिला शक्य नव्हतं. म्हणजे व्हीपीएन लागलं नाही तर महिनाअखेरीला नोकरी जाणार, इतका साधा हिशेब होता.

"साहेब म्हणतात, कॉम्प्युटर सांभाळायला ठेवलेल्या माणसाला स्वतःचं कनेक्शन लावता येत नाही?" ती म्हणाली. "आणि खरंच नाही लागत हो, काका. लागतं, मग सुटतं. मग कितीही लावा, टिकत नाही. ऑफिसात बसलं की प्रश्नच नाही, तिथे व्हीपीएनची गरजच नाही. त्यामुळे कोणाला दाखवताही येत नाही."

दादाने चष्मा लावला. "घड्याळ बघितलंत? कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं की किल्ली चालत नाही."

"बघितलं."

"फायरवॉल?"

"बंद करून बघितली. राउटर बदलला. लिनक्स सगळं पुसून पुन्हा बसवलं, फक्त किल्लीची फाइल तेवढी बाजूला काढून ठेवली."

"वा," दादा म्हणाला. "बरोबर केलंत."

तिने टेबलावर ठेवला तो लॅपटॉप दादाचाच होता. तो त्याने परत केला होता, कपाटात पडून होता, तोच तिला दिलेला. कोपऱ्याला मी लावलेली कापडाची पट्टी अजून होती. दादाने त्यावर हात फिरवला आणि काम सुरू केलं. हे बंद करून बघू, ते चालू करून बघू. नवीन आवृत्ती आली असेल, जुन्या आवृत्तीवर चालवून बघू. त्यासाठी लॅपटॉप बंद करून सुरू करायला लागायचा, आणि तो सुरू होईपर्यंत दादा गोष्टी सांगायचा. एकदा पाल शिरून मोठं यंत्र कसं बंद पडलं. एकदा ट्रकच्या काट्यावर मालकांची गाडी उभी राहिली आणि आत कोण कोण बसलंय ते वजनावरून कसं कळलं. मुलगी हसत होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझा भाऊ इतकं बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

लागलं मात्र नाही. "घरी नेऊन बघा," दादा म्हणाला, "आणि परवा या पुन्हा."

अशी ती आणखी आली. दादाने दुसरी खुर्ची पुसून ठेवली. बिस्किटं आणली, तीही दोन प्रकारची. मी तिच्या बॅगेची झिप बदलून दिली. चहा पिताना ती एकदा म्हणाली, "काका, तुम्ही सगळं इतकं नीट लावून दिलंय ना, तुम्ही गेल्यापासून सर्व्हर एकदाही बंद पडला नाही म्हणे. कोणाला तुमची आठवण काढायची वेळच आली नाही." ती कौतुकाने म्हणाली होती. दादा म्हणाला, "चांगलं आहे की." आणि बिस्किट चहात इतका वेळ धरलं की ते तुटून आत पडलं.

त्या दिवशी दूध संपलं म्हणून दादा खाली दुकानात गेला. मुलीला वडिलांचा फोन आला, ती बोलत बोलत बाहेर जिन्यापाशी गेली. मी रिकामी बसू शकत नाही, म्हणून फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. मुलगी आली की दादा आपल्या मोठ्या कॉम्प्युटरचा पडदा बंद ठेवायचा. मला वाटायचं, पाहुण्यासमोर शिष्टाचार. फडकं पडद्याच्या बटणाला लागलं आणि पडदा उजळला.

टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा चालूच होता. काळ्या पाटीवर ओळी सरकत होत्या. दादाने इतकी वर्षं कान खाल्ल्यामुळे मला 'लागलं' आणि 'तुटलं' ह्या अर्थाचे एवढे दोन इंग्रजी शब्द ओळखू येतात. शेजारी तिच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात व्हीपीएन लागल्याचं छोटं कुलूप दिसायचं, मग जायचं. तिचं कुलूप दिसलं की दादाच्या पाटीवर 'तुटलं'. दादाच्या पाटीवर 'लागलं' की तिचं कुलूप गायब. पुन्हा तिचं, पुन्हा ह्याचं. शिवणयंत्राच्या पायडलसारखं चाललं होतं, एक टोक वर, दुसरं खाली. मला लिनक्स कळत नाही, पण एका बाहीत दोन हात जात नाहीत एवढं कळतं.

मी पडदा बंद केला. दूध आलं, चहा झाला, मुलगी गेली. जाताना म्हणाली, "महिनाअखेर आली, काका. आता मी साहेबांना काय सांगू, कळत नाही." दादा तिला खालपर्यंत सोडायला गेला. तो परत येईपर्यंत मी त्याच्या खुर्चीत बसून राहिले.

"तुझं आणि तिचं एकच आहे ना?" मी विचारलं. "तिचं लागलं की तुझं सुटतं."

तो दारातच उभा राहिला. मग दुसऱ्या खुर्चीत, तिच्या खुर्चीत बसला. "लॅपटॉपवर माझीच किल्ली होती. त्यांनी तिला नवीन करून दिली नाही, कोणाला येतच नव्हती. एका किल्लीवर दुसरा आत आला की यंत्र पहिल्याला बाहेर काढतं. पहिला परत आला की दुसऱ्याला."

"तुला हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तू तिला फायरवॉल आणि घड्याळं दाखवत बसलास? जखम मांडीला आणि मलम शेंडीला? ती पोर इथे समोर बसून शोधते आहे आणि चोर टेबलाखाली घूं घूं करतोय."

त्याने उरलेली बिस्किटं पुडक्यात भरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दिवसभर ती मला ढकलायची, मी तिला. इतक्या महिन्यांत तिथे पहिल्यांदा कोणाला माझा धक्का लागला, ठमे."

माझा राग जरा ओसरला. पण मुलीचे मोजे आठवले आणि तो परत चढला. "तिचे वडील अंथरुणावर आहेत."

"माहीत आहे."

"तिची नोकरी गेली तर तुझ्या घशाखाली चहा उतरणार आहे का?"

"सांगणारच होतो."

"कधी? तिला काढल्यावर?"

तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. उपाय अगदी सोपा होता. तिच्या नावाची नवी किल्ली करायची. पण नवी किल्ली करताना जुनी रद्द करायची हा नियम, त्यानेच घालून दिलेला, आणि मुलगी नियमाने चालणारी. एकदा तिला किल्लीचं सांगितलं की ती जुनी किल्ली कोणाची ते बघणार आणि रद्द करणार. "मग माझं काय राहिलं?" तो म्हणाला.

"मी आहे ना खाली."

"आहेस ना," तो म्हणाला. इतक्या प्रेमाने म्हणाला की मला ते फार लागलं. मी त्याची बहीण आहे, मी त्याला रोज चहा देते. पण त्याची सकाळ त्या नावांची वाट बघण्यात जायची, माझी वाट बघण्यात नाही, हे मला त्या वेळी नीट कळलं. मी कप उचलले आणि खाली आले. त्या दिवशी एका बाईंच्या झग्याची कड मी उलटी शिवली आणि सगळी उसवली.

दुसऱ्या दिवशी वर खुर्ची सरकली नाही. मी जाणार तेवढ्यात तोच खाली आला. दादा माझ्याकडे खाली क्वचित येतो. शिवायच्या कपड्यांच्या ढिगाशी उभा राहून म्हणाला, "तिला बोलावलंय. तू पण ये."

मुलगी आली, लॅपटॉप उघडला, आणि दादाने चष्मा लावायच्या आधीच सांगून टाकलं. इकडचं तिकडचं काही नाही. "तुमचं कनेक्शन मी तोडतोय," तो म्हणाला. "माझी किल्ली बंद झाली नव्हती. मी रोज आत बसतो, नुसतं बघत. तुमच्याकडे त्याच किल्लीची नक्कल आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तिने लॅपटॉपवरचा हात काढला. "मी सगळं पुसून पुन्हा बसवलं, काका," ती म्हणाली. "वडिलांना जेवण भरवायचं सोडून."

"हो."

"तुम्ही 'बरोबर केलंत' म्हणालात."

"हो," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. माझ्या मोठ्या भावाला मी असं खाली मान घातलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली, आणि मी घेतली नाही.

तो वाकला आणि टेबलाखालचा डबा बंद केला. इतके महिने चालू असलेला तो घूं घूं आवाज थांबला, तेव्हा कळलं की खोलीत तो केवढा होता. "आता लावा," तो म्हणाला. तिने लावलं. कोपऱ्यात कुलूप आलं आणि राहिलं. मग तो तोंडाने सांगत गेला आणि ती लिहीत गेली. किल्ल्या बनवायच्या जागेत शिरली, आपल्या नावाची नवी किल्ली केली, ती लॅपटॉपवर आणली. जुन्या किल्लीवरून बाहेर आली, नव्या किल्लीने आत गेली. सगळं मिळून एका चहाचं काम होतं.

"आता जुनी," दादा म्हणाला.

मुलीचे हात थांबले. ती नखाने लॅपटॉपची कापडी पट्टी खरवडत होती. "काका, माझी वेगळी झाली ना आता. तुमची राहू दे. आता दोघांची भांडणं नाही होणार." मग माझ्याकडे एकदा बघून त्याला हळूच म्हणाली, "तुम्ही कशाला हात थोडीच लावता? मी नाही कोणाला सांगणार."

खरं सांगते, मला वाटत होतं त्याने हो म्हणावं. नियम गेले खड्ड्यात. एका म्हाताऱ्या माणसाने सकाळी चार नावं बघितली तर कोणता काटा खोटं वजन दाखवणार होता?

दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला. "उद्या कोणाला दिसलं तर तुम्हाला विचारतील, मला नाही," तो म्हणाला. "दार आता तुमचं आहे. लिहा."

तो एकेक शब्द सांगत गेला. शेवटी यंत्राने विचारलं, नक्की का? हे पुन्हा उलटं करता येत नाही. तिथे नुसतं बटण दाबून चालत नाही, 'yes' असा पूर्ण शब्द लिहावा लागतो. मुलीने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "तुम्हीच लिहा."

"नाही," दादा म्हणाला. "हे काम तुमचं."

तिने लिहिलं. त्याने त्यापुढची ओळही सांगितली, रद्द झालेल्या किल्ल्यांची खबर दारापर्यंत पोचवायची, ती विसरली तर रद्द केलेली किल्ली चालतच राहते. तिने तीही लिहिली. निघताना तिने दोघांना नमस्कार केला आणि म्हणाली, "येत जाईन मी, काका." तिच्या डोळ्यांत अजून थोडा राग होता आणि तो असायलाच हवा होता. येईल की नाही मला माहीत नाही. वडील आहेत, नोकरी आहे, दोन रंगांचे मोजे घालून धावणारं माणूस आहे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर खुर्ची सरकली. नेहमीच्याच वेळेला. मी चहा घेऊन गेले तर दादा इस्त्रीच्या शर्टात टेबलाशी बसलेला, टेबलाखालचा डबा चालू, समोर काळी पाटी. त्याने दार उघडायची ओळ लिहिली होती आणि तो वाट बघत होता.

"अरे, किल्ली रद्द करून घेतलीस ना काल?"

"बघतोय."

मी शेजारी बसले. पाटीवर काही उमटेना. त्याने सांगितलं की रद्द झालेल्या किल्लीला दार 'नाही' असं म्हणत नाही. ते नुसतं उत्तर देत नाही. इकडचं यंत्र बिचारं एक मिनिटभर वाट बघतं आणि मग स्वतःच लिहितं की समोरून काही आलं नाही. आम्ही दोघं ते मिनिट बसून राहिलो. चहावर साय धरली. शेवटी ती ओळ आली.

"नीट केलंय पोरीने," दादा म्हणाला. त्याने मान डोलावली, आणि दार उघडायची तीच ओळ पुन्हा लिहिली.